इजिप्शियन 'वेसेख' हार घरी कसा करावा

शाळेच्या स्नेहसंमेलनात इजिप्तची राणी करायची म्हटलं की सोनेरी कागद आणि सोनेरी जरीचं कापड आणलं जातं. खरं तर प्राचीन इजिप्तमध्ये राणीपासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या अंगावर पांढरं लिनन असायचं. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा निघतो. या धाग्यावर रंग सहजासहजी चढत नाही, म्हणून कापड बहुधा पांढरंच राही आणि रंगांची सगळी हौस गळ्यातल्या हारावर भागवली जाई. तो हार म्हणजे वेसेख. या शब्दाचा अर्थच 'रुंद'. म्हणून माझा आग्रह आहे की वेळ आणि मेहनत हारावर घाला, कपड्यांवर नको.

दहा-बारा वर्षांच्या मुलीसाठी आधी जाड मांजरपाटावर ७ सेंमी आणि १५ सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं एकाच केंद्रातून काढा. मधली कडी कापून घ्या आणि तिचा एक-तृतीयांश भाग काढून टाका, ती बाजू पाठीकडे येईल. कडा दुमडून लाल कापडाची पट्टी शिवा. लाल पट्टी मी मनाने सांगत नाही. १९०७ मध्ये राजांच्या खोऱ्यातल्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या दफनभूमीतल्या, एका खड्ड्यात मोठे रांजण सापडले. तूतनखामुन या राजाच्या अंत्यविधीनंतर उरलेलं सामान त्यांत भरून ठेवलेलं होतं. त्यात फुलांचे हारही होते: पपायरसच्या कागदावर ऑलिव्हची पानं, निळी फुलं आणि मणी शिवलेले, कडेला लाल कापड. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

आता मणी. वेसेखचे मणी गोल नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि उभे बसतात. जुन्या मासिकाच्या गुळगुळीत कागदाच्या २ सेंमी रुंद, १५ सेंमी लांब पट्ट्या कापा. खराट्याच्या काडीवर पट्टी घट्ट गुंडाळा, पट्टीच्या शेवटच्या दोन बोटं भागाला डिंक लावा, क्षणभर दाबून धरा आणि नळी काडीवरून सरकवून काढा. नळी साधारण अर्धा सेंमी जाड झाली पाहिजे. अशा नळ्यांच्या तीन ओळी लागतात. हार बाहेरच्या बाजूला पसरत जातो, त्यामुळे पहिल्या ओळीला साधारण ६०, दुसरीला ८० आणि तिसरीला १०० नळ्या धरा. तिन्ही ओळींत सारख्याच नळ्या घेतल्या तर बाहेरच्या ओळींत फटी पडतात. काम चिकाटीचं आहे. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या मेरेरुका नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात हे हार घडवणारे बुटके कारागीर भिंतीवर कोरलेले आहेत, तेव्हाही हे कसबी हातांचंच काम होतं.

रंग फिरोजी, गडद निळा आणि तांबूस-नारिंगी, एवढेच तीन पुरेत. फिरोजा सिनाईच्या खाणींतून यायचा, लाजवर्द हा गडद निळा दगड थेट अफगाणिस्तानातून. सगळ्यांना ते परवडत नसे, म्हणून वाळूसारखी गारेची पूड, क्षार आणि थोडं तांब्याचं संयुग कालवून मणी घडवत आणि भाजत. वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत त्यांचीच निळी-हिरवी काच होते. म्हणून आपल्या कागदी नळ्यांनाही रंगानंतर वॉर्निशचा हात द्या. चकाकी नसेल तर हार मातकट दिसतो.

वाळल्यावर आतल्या कडेपासून नळ्या उभ्या लावत, प्रत्येकीतून दोरा घालून कापडाला टाका घाला. दोन ओळींच्या मध्ये बारीक गोल मण्यांची एक रांग घ्या. सगळ्यात बाहेर पाकळीच्या आकाराचे लोलक टांगा. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची अर्धगोल टोपणं लावून त्यांतून नाड्या काढा.

पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली. माझ्या भाचीसाठी केलेला पहिला हार रंगीत तालमीत सारखा पुढे सरकत होता आणि ती बिचारी एका हाताने तो धरूनच उभी होती. पुढचा भाग जड, मागे नुसती नाडी, म्हणून तसं होत होतं. इजिप्तमध्ये यासाठी पाठीवर वजन सोडत, त्याला मंखेत म्हणत. नाड्या मानेमागे बांधून त्यांच्या टोकाला मण्यांची छोटी पट्टी लावा आणि तिच्या अस्तरात चार-पाच नाणी शिवून टाका. हार जागच्या जागी बसतो.

बाकी पोशाख सोपा. मुलीला पांढऱ्या सुती कापडाचा पायघोळ, अंगासरशी झगा. मुलाला पंचा गुडघ्यापर्यंत गुंडाळून पुढे खोचलेला. चुण्या हव्यात तर ओल्या कापडाला घालून बांधून वाळवा. इजिप्तमध्ये तारखान इथे सापडलेल्या पाच हजार वर्षांहून जुन्या लिननच्या अंगरख्याच्या बाह्यांवरही बारीक चुण्या आहेत. डोळ्यांना काजळाची रेघ कानाच्या दिशेने लांब ओढा, पण ते काजळ चांगल्या दुकानातलं किंवा घरी धरलेलं असू द्या. तिकडे शिशाच्या खनिजाची पूड वापरत, ती मुलांच्या डोळ्यांजवळही नको.

कार्यक्रम संपल्यावर हाराची घडी घालू नका, नळ्या चेपतात. मोठ्या ताटात सपाट ठेवा आणि वर मलमलीचं फडकं टाका.