ठाण्याहून जुन्नर: एकच डोंगरी तालुका, वर्षभराची सुट्टी

दिवाळीत एक लांबची सहल, त्यासाठी कितीतरी महिने आधी रेल्वेचं आरक्षण, आणि परत आल्यावर शीण घालवायला आणखी एक रजा. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत सुट्टी अशीच जाते. मी सुचवेन की एखादं वर्ष तीच रजा चार तुकड्यांत वाटा आणि चारही वेळा एकाच तालुक्यात जा. तो तालुका म्हणजे जुन्नर. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून इथेच यायचा. शिवरायांचा जन्म इथला, अष्टविनायकांतले दोन गणपती इथले, आणि 2018 मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुका म्हणून निवडलाही जुन्नरच. तरी आपल्याकडची माणसं माळशेजच्या धबधब्याखाली भिजतात आणि तिथूनच माघारी फिरतात. एका खेपेत इथलं थोडंच दिसतं, कारण पावसात जे बघायचं ते थंडीत नसतं आणि चैत्रात जे असतं ते पावसात नसतं.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

हॉटेल शोधण्याआधी मुलांच्या परीक्षा, ऑफिसच्या सुट्ट्या आणि पंचांग शेजारी ठेवा. चार खेपा ठरवा: श्रावण, दिवाळीच्या आगेमागे, फेब्रुवारी आणि चैत्र. संकष्टी, विशेषतः अंगारकी, लेण्याद्री आणि ओझरला दर्शनासाठीच जायचं असेल तर धरा, एरवी टाळा. 19 फेब्रुवारीला शिवनेरीवर जायचं असेल तर शिवजयंतीचा सोहळा आणि गर्दी दोन्ही धरूनच जा. गड निवांत बघायचा असेल तर त्याच महिन्यातला दुसरा कुठलाही कामाचा दिवस निवडा. पावसाळी खेप शनिवार-रविवारी अजिबात ठेवू नका. गुरुवार-शुक्रवारची रजा मिळत असेल तर ती इथे वापरा.

रस्ता

ठाणेकरांनी कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज चढायचा आणि बनकर फाट्यावरून जुन्नरकडे वळायचं. चहापाण्यासकट चार तास धरा. नवी मुंबईकरांना शिळफाट्यावरून हाच रस्ता पकडता येतो. एक्सप्रेसवेने तळेगाव, चाकण, नारायणगाव असंही जाता येतं, पण तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कोंडीत सकाळ संपते, म्हणून मी तो सुचवणार नाही. स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. कल्याणहून माळशेजमार्गे नगरकडे जाणारी एसटी ओतूर, आळेफाट्याला सोडते, तिथून जुन्नरची गाडी मिळते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास आहे, तेव्हा आजी-आजोबांना घरी ठेवायला कारण उरत नाही.

मुक्काम दर वेळी बदला

पावसात माळशेजच्या माथ्यावर किंवा खिरेश्वरच्या बाजूला राहा. दिवाळीला पश्चिमेकडे, घाटघरच्या बाजूला. थंडीत जुन्नर गावातच, आणि चैत्रात नारायणगावला. गावातल्या घरी राहणार असाल तर निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: संडास घरात आहे की बाहेर, गाडी दारापर्यंत येते का, आणि जेवायला काय करणार. तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. मासवडी घाईत होत नाही. बेसनाच्या पातळ थरात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळायचं, वड्या पाडायच्या, वर झणझणीत रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. आदल्या दिवशी सांगितलं तरच मावशींना तयारीला वेळ मिळतो. रोख पैसे जवळ ठेवा. पश्चिमेच्या गावांत मोबाइलला रेंज नसते तेव्हा कोडवरून पैसे देणं जमत नाही.

श्रावण

पावसाळ्यात गड चढू नका. निसरड्या कातळपायऱ्या आणि धुकं असताना चावंड, जीवधन यांच्या वाटा नवख्यांच्या नाहीत. माळशेजमध्ये दरडी कोसळतात, जोराच्या पावसात प्रशासन पर्यटनस्थळी बंदीही घालतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री बातम्या बघा आणि बंदी असेल तर खेप पुढे ढकला. घाटात कड्याखाली गाडी उभी करून फोटो काढायचा मोह आवरा.

या खेपेत देवळं बघा. ओतूरला मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात, जत्रा भरते. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही तिथेच. दुसऱ्या दिवशी खिरेश्वरचं नागेश्वराचं देऊळ किंवा पूर गावातलं कुकडेश्वर. कुकडी नदी या पूरच्या परिसरातच उगम पावते. भातखाचरांच्या मधोमध काळ्या दगडाचं ते कोरीव देऊळ पावसात न्हालेलं असतं तेव्हा त्यावरची शिल्पं उन्हापेक्षा जास्त उठून दिसतात.

दिवाळीच्या आगेमागे: नाणेघाट

चारांतली एकच खेप जमणार असेल तर ही करा. पाऊस उघडलेला असतो, भात कापणीला आलेला असतो, आणि मुक्कामाच्या गावातून निघालं की नाणेघाटापर्यंत सकाळची हवा गार असते. पाय धड असतील तर मुरबाड-माळशेज रस्त्यावरच्या वैशाखरे गावाजवळून खालून चढा. जुने व्यापारी याच वाटेने वर यायचे. दोन-तीन तासांची चढण आहे. एकाने गाडी फिरवून वर आणायची, बाकीच्यांनी चढायचं, असंही करता येतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर सगळेच जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने थेट माथ्यावर जा.

घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण बघून लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही गुहेत बसा, निदान अर्धा तास. डाव्या-उजव्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मीतला लेख आहे. तिने आणि तिच्या पतीने केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांची ती यादी आहे, आणि त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत मोजले जातात. समोरच्या भिंतीवर कधीकाळी राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता पायांचे अवशेष तेवढे राहिलेत, पण डोक्यांच्या जागेवर कोरलेली नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), सिरी सातकनी. मुलांना ब्राह्मीतला ‘क’ आधी कागदावर काढून दाखवा. तो साध्या अधिकच्या चिन्हासारखा असतो. मग त्यांना भिंतीवर शोधू द्या. या लेखाला हात लावू नका, अक्षरांत खडू भरू नका, आणि शेजारी कुणी नाव कोरताना दिसला तर गप्प बसू नका.

फेब्रुवारी

शिवनेरी आता युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. 2025 साली मराठ्यांच्या 12 किल्ल्यांची जी नोंद झाली, त्यात तो आहे. पायऱ्यांच्या वाटेने जा. एकामागून एक सात दरवाजे लागतात, आणि प्रत्येक वळणावर वरून मारा करता येईल अशी जागा का ठेवली आहे ते चढतानाच कळतं. शिवाई देवीचं दर्शन, गंगा-जमुना टाक्या, जन्मस्थान, शेवटी कडेलोटाचा कडा. मधमाश्यांचं भान ठेवा. इथल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा भपकारा येईल असं अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

दुसऱ्या दिवशी लेण्याद्री. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी आठच्या आत पोचा. गिरिजात्मजाचं देऊळ ज्या लेण्यात आहे त्याच्या प्रशस्त सभामंडपात एकही खांब नाही, वर बघा म्हणजे डोंगर किती विश्वासाने कोरलाय ते लक्षात येईल. शेजारच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, थांबा. बहुतेक भाविक तिथे जातच नाहीत. वेळ उरला तर गावाच्या पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. तिथला चैत्य गोल आहे, बारा साध्या अष्टकोनी खांबांचा, आणि अशी रचना फार थोड्या ठिकाणी सापडते. जुन्नरभोवती एकूण लेणी दोनशेच्या वर आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका.

महिनाअखेरीस जाणार असाल तर खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं बघा. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना इथल्या परिसरात पसरल्या आहेत, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी दारं उघडतात. तारीख आणि वेळ आधी बघून घ्या.

चैत्र

उन्हाळ्यात डोंगर तापतात, तेव्हा ही खेप माणसांसाठी. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी ठरवतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. राहुटीत जायच्या आधी नमस्कार करा, विचारा, परवानगीशिवाय मोबाइल काढू नका. कलावंतांचं तिथे कामाचं बोलणं चाललेलं असतं. जवळच्या गावची जत्रा असेल तर रात्री तमाशाला बसा, सकाळी गडाचा नाद सोडून द्या. पश्चिमेकडे याच दिवसांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून अंगणात वाळवत असतात. वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो, म्हणून वाळवणावरून चालू नका.

पूर्वेच्या बागायती पट्ट्यात ऊस असतो आणि उसात बिबट्या. अंधार पडल्यावर शेतरस्त्याने पायी फिरू नका, लहान मुलांना पुढे एकटं धावू देऊ नका. राहाल त्या घरचे काय सांगतील ते ऐका.

निघताना ज्या घरी उतरलात त्यांना पुढच्या खेपेचा महिना सांगून या आणि त्यांचा फोन नंबर कागदावर लिहून घ्या. श्रावणात माळशेजला पाऊस किती आहे, वाट चालू आहे का, हे त्यांना एका फोनवर विचारता येतं.