दोन वर्षांत तीन नोकऱ्या झाल्यात? एमबीएचा अर्ज असा भरा

आधी अर्ज कुठे करताय ते ठरवा. राज्याच्या एमबीए सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत प्रवेश पर्सेंटाइलवर होतो, मग कॉलेज जळगावचं असो की मुंबईचं जमनालाल बजाज. तिथे तुम्ही किती नोकऱ्या सोडल्या हे कोणी विचारत नाही. तेवढंच करायचं असेल तर हा लेख सोडा आणि अभ्यासाला बसा. प्रश्न येतो तो आयआयएम, आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) यांसारख्या ठिकाणी, जिथे मुलाखत होते आणि अनुभवही बघतात.

मग एका कोऱ्या कागदावर प्रत्येक नोकरीची रुजू तारीख आणि सुटल्याची तारीख लिहा. पदवीनंतरची पूर्णवेळ, पगारी नोकरीच धरा. इंटर्नशिप सोडून द्या. चाकणला 11 महिने, हिंजवडीला 7, मधे 3 महिने घरी पाचोऱ्याला, असं जे असेल ते. मधले महिने आजूबाजूच्या नोकऱ्यांत जिरवू नका. प्रवेशाच्या वेळी कागद तपासतात, आणि खोटी तारीख सापडली तर जागा जाते.

खरी डोकेदुखी कागदांची. ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 हे सगळं नोकरीनिहाय लावा. चाकणला बरीच पोरं ठेकेदाराच्या पेरोलवर असतात: गेटवर पाटी एका कंपनीची, स्लिपेवर नाव दुसऱ्याचं. अर्जात स्लिपेवरचं नाव लिहा आणि काम प्रत्यक्ष कुठे केलं ते वर्णनात सांगा. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडून पाहा. जुन्या मालकानं सुटल्याची तारीख टाकली नसेल, तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ‘मार्क एक्झिट’मधून ती स्वतः भरता येते. हे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात, तेव्हा जुलैतच उरका.

आता कारणं. घरी म्हणतात, ‘हाऊ पोऱ्या कोठेच टिकत नही.’ मुलाखत घेणाऱ्या पॅनेलच्या मनातही तीच शंका असते, फक्त ते इंग्रजीत विचारतात. दर बदलासाठी दोन वाक्यं लिहा: तिथे काय शिकलो आणि पुढच्या ठिकाणी कोणतं काम मिळालं. ‘ग्रोथ नव्हती’ हे उत्तर पॅनेलनं दिवसात दहादा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा ‘तिथे फक्त तपासणी होती, इथे पुरवठादारांशी बोलणी माझ्याकडे आली’ हे पटतं. पगारासाठी सोडली असेल तर तेही सरळ सांगा, मला त्यात काही गैर वाटत नाही. जुन्या साहेबाची निंदा मात्र नको.

वडिलांच्या डाळ मिलमध्ये किंवा केळीच्या व्यापारात वर्ष काढलं असेल तर ते लाजून ‘गॅप’मध्ये टाकू नका. जीएसटी, आयकराचे कागद तुमच्या कामाला दुजोरा देत असतील तर त्या संस्थेचा नियम वाचून तो अनुभव दाखवा.

अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत शक्यतो नोकरी बदलू नका. बदललीच तर संस्थेला कळवा.

निवड झाली की नोटीस पिरियड मोजा. वर्ग बहुतेक ठिकाणी जूनच्या सुमारास सुरू होतात आणि 90 दिवसांची नोटीस असेल तर राजीनामा मार्चमध्येच द्यावा लागेल. रिलीव्हिंग लेटर हातात आल्याशिवाय पुणं सोडू नका.