'मी सहाला उठायचो' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं?

स्पॅनिशच्या वर्गात लहानपणाबद्दल बोलायला सांगितलं तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, "लेबान्ताबा आ लास सेइस." बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "सहाला काय उचलायचात?" वर्ग हसला. माझा एक 'मे' राहिला होता, आणि त्यावाचून 'उठायचो'चं 'उचलायचो' झालं होतं.

हे असं का होतं ते आधी समजून घ्या, मग रूपं पाठ करा. मराठीत मूळ धातू 'उठणे'. दुसऱ्याला उठवायचं असेल तर आपण त्यात 'व' घालतो. स्पॅनिशची गाडी उलट्या दिशेने जाते. तिथे मूळ क्रियापद 'लेबान्तार', म्हणजे उचलणे किंवा उठवणे. त्याला शेवटी 'से' जोडलं की 'लेबान्तारसे', स्वतःला उठवणे, म्हणजेच उठणे. 'आकोस्तार' म्हणजे झोपवणे, 'आकोस्तारसे' म्हणजे झोपायला जाणे. 'देस्पेर्तार' जागं करणे, 'देस्पेर्तारसे' जागं होणे. सगळी क्रियापदं इतकी सरळ नाहीत. 'केखारसे', म्हणजे कुरकुर करणे, हे तर 'से'शिवाय वापरतच नाहीत. पण रोजच्या दिनचर्येतली बहुतेक क्रियापदं या एका चावीने उघडतात. (स्पॅनिशमध्ये 'व्ही' अक्षराचा उच्चार 'ब' होतो, म्हणून इथे सगळीकडे 'ब' दिसेल.)

आता रूप कसं बनवायचं ते पाहू. या काळाला स्पॅनिशमध्ये 'इम्पेरफेक्तो' म्हणतात.

पहिली पायरी: शेवटचा 'से' काढून बाजूला ठेवा. टाकू नका, लागणार आहे. उरलेलं क्रियापद 'आर', 'एर' किंवा 'ईर'ने संपतं.

दुसरी पायरी: तो शेवट काढा आणि प्रत्यय लावा. 'आर'वाल्यांना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान. 'एर' आणि 'ईर' या दोघांना एकच संच: ईया, ईयास, ईया, ईयामोस, ईयाइस, ईयान. लिहिताना 'आबा'मध्ये 'बी' अक्षरच येतं, 'व्ही' नाही. शब्दावरची तिरकी खूण 'आर'च्या संचात फक्त 'आबामोस'वर असते, 'ईया'च्या संचात मात्र सहाही रूपांवर.

तिसरी पायरी: बाजूला ठेवलेला 'से' व्यक्तीप्रमाणे बदला (मे, ते, से, नोस, ओस, से) आणि क्रियापदाच्या आधी, सुटा ठेवा.

मी: मे लेबान्ताबा
तू: ते लेबान्ताबास
तो, ती, आपण (आदरार्थी): से लेबान्ताबा
आम्ही: नोस लेबान्ताबामोस
तुम्ही सगळे: ओस लेबान्ताबाइस
ते, त्या: से लेबान्ताबान

'ओस'ची ओळ मुख्यतः स्पेनपुरती. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत 'तुम्ही सगळे'साठी शेवटचीच ओळ चालते, म्हणजे तिकडचं शिकत असाल तर पाचच ओळी.

'मी' आणि 'तो' या दोघांचं क्रियापद सारखंच आहे, हे लक्षात आलं का? नुसत्या 'लेबान्ताबा'वरून कोण ते कळत नाही. इथे तो फरक 'मे' आणि 'से' दाखवतात, म्हणून त्यांना विसरणं महागात पडतं. उलट एक सोय अशी की 'उठायचो' की 'उठायची' हा प्रश्न स्पॅनिशमध्ये येत नाही. बाई बोलो वा पुरुष, 'मे लेबान्ताबा'च.

वर्तमानकाळात ज्यांनी छळलं ती क्रियापदं इथे गुणी बाळं होतात. 'आकोस्तारसे'चं वर्तमानात 'मे आक्वेस्तो' होतं, इथे सरळ 'मे आकोस्ताबा'. 'बेस्तीरसे', म्हणजे कपडे घालणे, वर्तमानात 'मे बिस्तो', इथे 'मे बेस्तीया'. अख्ख्या भाषेत या काळात अनियमित क्रियापदं ३च: सेर, ईर आणि बेर. आपल्या कामाची त्यातली दोन. 'ईरसे', म्हणजे निघून जाणे, याचं 'मे ईबा', 'नोस ईबामोस'. आणि 'बेरसे'चं 'नोस बेईयामोस', म्हणजे आम्ही एकमेकांना भेटायचो.

हा काळ वापरायचा कधी? इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास अडखळतात, आपण अडखळू नये. मनात मराठी वाक्य म्हणा. 'उठायचो', 'उठत असे' किंवा 'उठत होतो' आलं तर इम्पेरफेक्तो. 'उठलो' आलं तर नाही, तिथे 'मे लेबान्ते'. 'मे दुचाबा क्वान्दो सोनो एल तेलेफोनो': मी आंघोळ करत होतो तेव्हा फोन वाजला. आंघोळ चालू होती, फोन एकदा वाजला.

नकारात 'नो' सगळ्यांच्या आधी येतो: 'नो मे लेबान्ताबा'. दोन क्रियापदं जोडीने आली तर सर्वनामाला दोन जागा आहेत. 'मला उठावं लागायचं' हे 'मे तेनीया के लेबान्तार' किंवा 'तेनीया के लेबान्तारमे', दोन्ही बरोबर. मधे मात्र कुठे घुसवू नका. आणि 'झोपण्याआधी' म्हणताना, बोलणारा मी असेन तर 'आन्तेस दे आकोस्तारमे'. इथे शब्दकोशातला 'से' तसाच ठेवण्याची चूक मी वर्षभर करत होतो.

शरीराच्या अवयवांबाबतीत मराठी आणि स्पॅनिशचं छान जमतं. आपण 'मी माझे हात धुवायचो' म्हणत नाही, नुसतं 'हात धुवायचो' म्हणतो. तिथेही 'मे लाबाबा लास मानोस'. 'माझे' येत नाही, कारण ते काम 'मे' करतो.

आता हे मोठ्याने वाचा: "दे नीन्यो मे देस्पेर्ताबा आ लास सेइस, मे लाबाबा ला कारा, मे बेस्तीया इ मे ईबा आल कोलेखियो." लहानपणी मी सहाला जागा व्हायचो, तोंड धुवायचो, कपडे घालायचो आणि शाळेत जायचो. (बाई बोलत असतील तर 'नीन्यो'चं 'नीन्या' होईल, बाकी काही नाही.) मग हेच वाक्य आजीबद्दल करा. 'दे नीन्यो' गाळा, सगळे 'मे' पुसून 'से' लिहा, क्रियापदांना हात लावू नका. शाळेच्या जागी बाजार, म्हणजे 'आल मेरकादो', घाला आणि सुरुवातीला 'मि आब्वेला' ठेवा. आजी तयार.