आखडलेली मान हाताने मोकळी करताना

सोलापूरच्या पूर्व भागात मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे बहुतेक बायका, म्हणजे अक्का, विडी वळणाऱ्या येतात. मांडीवर सूप, नजर पानावर, मान दिवसभर खाली.

घरच्या कुणी मान दाबायला घेण्याआधी विचारा: हाताला मुंग्या येतात का? वस्तू हातातून निसटतात का? चालताना तोल जातो का? ताप आहे, कुठे पडलात का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर हात लावू नका, आधी डॉक्टर. आणि सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका, हे मी अक्कांच्या नवऱ्यांना, मुलांना कळकळीनं सांगते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतूनच वर जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झालेला आहे. क्वचित, पण झालेला आहे.

अक्कांना खुर्चीवर बसवा, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकवू द्या. तेल दोन थेंबच, नाहीतर अंगठा घसरतो. पाठीवरच्या पात्याच्या हाडाचं वरचं, मणक्याकडचं टोक चाचपा. तिथे दोरीसारखी गाठ लागते. अंगठा ठेवून हळूहळू दाबा आणि ३० सेकंद तसंच थांबा. तोंडून ‘हां, हेच’ निघालं पाहिजे. ‘आई गं’ निघालं तर जोर कमी करा. गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीही दाबायचं नाही.

मग टॉवेल. हे अक्कांनी स्वतःच करायचं. मान वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं वरच्या दोन मणक्यांत होतं, म्हणून न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मुलिगन यांची ही पद्धत मला फार उपयोगी वाटते. उजवीकडे वळताना अडत असेल तर टॉवेलचा काठ कवटीच्या लगेच खाली मानेवर बसवा. उजवीकडून आलेलं टोक डाव्या हाताने छातीशी घट्ट धरा. डावीकडचं टोक उजव्या हाताने गालावरून, डोळ्याच्या रेषेत पुढे ओढा आणि त्या ओढीबरोबरच मान उजवीकडे न्या. अजिबात दुखता कामा नये. दुखलं तर काठ किंचित वर-खाली सरकवा. चक्कर आली तर लगेच थांबा.

नुसतं दाबून घेतलं तर मान पुन्हा आखडते. म्हणून लगेच हनुवटी सरळ मागे घ्या, ५ सेकंद धरा, असं १० वेळा. आणि सूप मांडीवर न ठेवता पाटावर उशी घालून तिच्यावर ठेवा. पान कापताना मान किती कमी वाकते ते पहिल्या दिवशीच कळेल.