टीएच ३५० गिअर उशिरा बदलतोय? आधी नळी काढून बघा
जुन्या शेवरोले कमारो किंवा नोव्हाला टर्बो-हायड्रामॅटिक ३५० (म्हणजेच टीएच ३५०) हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल आणि गिअर उशिरा बदलत असेल, वर बदलताना धाडकन झटका बसत असेल, तर लगेच गिअरबॉक्स खाली उतरवायला देऊ नका राव. आधी इंजिन गरम करून, पार्कमध्ये चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघा, तेल कमी असेल तर बाकी शोधाशोध फुकट. मग गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला मागे पत्र्याच्या डबीसारखा व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या हवा ओढण्यावरून गिअर कधी, किती जोरात बदलायचा ते ठरवणारा भाग) असतो, त्याची रबरी नळी ओढून काढा, आत लालसर तेल दिसलं की समजा आतला पडदा फाटलाय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर तोही बहुतेक याचाच, कारण इंजिन तेच तेल ओढून जाळतंय. नळी कोरडी निघाली तर तिला तडे गेलेत का बघा, इंजिन चालू असताना टोकावर बोट धरलं की चांगली ओढ लागली पाहिजे. मॉड्युलेटर एकाच बोल्टवर बसतो, काढताना थोडं तेल गळतं, खाली ट्रे ठेवा. गिअर अजिबातच वर जात नसेल तर मात्र गव्हर्नर (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग) अडकलाय का ते बघा. आणि तेल काळं, जळक्या वासाचं निघालं तर क्लच प्लेट गेल्यात, मग मेकॅनिकच.