एसटीत नॉइज कॅन्सलेशन लावलं की एका कानात धपधप: माझं असं गेलं

लातूर-नांदेड एसटीत हेडफोनचं नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज कापायची सोय) चालू केलं की उजव्या कानात धपधप वाजायचं अन् इंजिनची घरघर तशीच आत यायची, घरी मात्र एकदम ओके. रीसेट, अपडेट, ब्लूटूथ काढून परत जोडणं, सगळं झालं. लई वैताग आला होता.

कारण निघालं उन्हाचा बांधलेला रुमाल अन् चष्म्याची काडी, त्यानं कुशनखाली फट राहायची.

आधी खिडकी लावली (बाहेरच्या माइकवर वारं लागलं की वेगळीच घूंघूं होते), मग कॅन्सलेशन बंद, रुमाल गळ्यात, चष्मा डबीत, कुशन कानाभोवती सगळीकडून टेकलं का बोट फिरवून बघितलं, अन् मगच कॅन्सलेशन चालू.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, धपधप नाही. शेजारच्यांचं बोलणं थोडं येतंच, कॅन्सलेशन मुख्यतः सलग घरघरच कापतं.