दोन बुलेटच्या बोअरमधून घरगुती व्ही-ट्विन इंजिन कसं बनवायचं

जगात हा वेडेपणा करणारे बरेच आहेत. इंग्लंडचा अ‍ॅलन मिलयार्ड साध्या हॅकसॉने कावासाकीच्या टू-स्ट्रोक गाड्यांचे क्रँककेस (क्रँक बसतो तो खालचा डबा, आपल्याकडे त्यालाच चेंबर म्हणतात) कापून, वेल्ड करून तीनाचे चार-पाच सिलेंडर करतो, त्याने दोन सहा-सिलेंडर इंजिनं जोडून 2300 सीसीचं व्ही-12 पण केलंय. तिथलाच सायमन व्हाइटलॉक थेट 48 सिलेंडरवर जाऊन पोचला. पण कावासाकीच्या त्या टू-स्ट्रोकना ना वॉल्व ना ते उघडणारे कॅम, एकेक सिलेंडरचं चेंबर वेगळं, त्यामुळे कापा आणि जोडा हे जमतं. आपल्याकडे ती इंजिनं मिळत नाहीत, आणि राजदूतच्या आरडी 350 वर करवत चालवणाऱ्याला लोक गावात राहू देणार नाहीत. म्हणून आपण बुलेट घेऊ. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 90 मिमी, म्हणजे 346 सीसी, दोन लावले की 692. पाचशेचे घेतले (84 बाय 90) तर 998. हे आधी झालेलं आहे, ऑस्ट्रेलियाच्या पॉल कार्बेरीने 55 अंशाचं व्ही-ट्विन (व्हीच्या आकारात दोन सिलेंडर) काढलं आणि अमेरिकेतल्या ओहायोत अनिकेत वर्धनने 59 अंशाचं मस्केट.

सुरू करण्याआधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. असं इंजिन लावलेली गाडी आपल्याकडे रस्त्यावर कायदेशीर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचे तपशील बदलतील असा बदल करता येत नाही, आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्यामुळे हे स्टँडवर वाजवायला, प्रदर्शनात ठेवायला किंवा खासगी ट्रॅकवर फिरवायला, एवढंच डोक्यात ठेवून पैसे घाला.

आणि दुसरं, हेड, बोअर (इथून पुढे बोअर म्हणजे अख्खं सिलेंडर), पिस्टन, वॉल्व हे सगळं तयार मिळतं, बाजारात जाऊन आणायचं आणि बसवायचं. खरं इंजिन तुम्हाला बनवायचंय ते खाली, क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य शाफ्ट) आणि चेंबरमध्ये. तीन-चतुर्थांश वेळ आणि पैसा तिथेच जाणार, तेव्हा आधी वरच्या चकचकीत वस्तू घेत बसू नका.

1. आधी कागद, मग लोखंड

एका बुलेट इंजिनचं उजव्या बाजूचं फुल साइज ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर काढा, त्याची दुसरी कॉपी काढा, दोन्हीचा क्रँकचा मध्यबिंदू एकावर एक ठेवून टाचणी मारा आणि वरचा कागद हळूहळू फिरवा. विन्सेंट कंपनीच्या 1936 च्या रॅपिडबद्दल हीच गोष्ट सांगतात, सिंगल सिलेंडरची दोन ड्रॉइंग एकमेकांवर पडली आणि व्ही दिसला म्हणून. कॅड येत असेल तर कॅडवर करा, पण कागदावर कुठे काय आदळतंय ते लगेच दिसतं.

आदळतं कुठे, तर बोअरचा जो खालचा भाग चेंबरमध्ये उतरतो तिथे. त्याची बाहेरची रुंदी 80 मिमी धरली तर 60 अंशाच्या व्हीमध्ये त्याचं खालचं टोक क्रँकच्या सेंटरपासून किमान 69 मिमी दूर लागतं, 45 अंशाला हेच 97 मिमी होतं. म्हणजे अँगल बारीक केला की बोअर वर सरकवावे लागतात, मग कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा) लांब, पुशरॉड (कॅमची हालचाल वर वॉल्वपर्यंत नेणारे) लांब, सगळंच वाढत जातं. 90 अंश केलं तर जागाच जागा, पण इंजिन इतकं लांब होतं की फ्रेममध्ये बसत नाही. 55 ते 60 मध्ये रहा. पुढचं सगळं 60 धरून लिहितोय.

2. क्रँक

दोन्ही रॉड एकाच क्रँकपिनवर (क्रँकची रॉड धरणारी पिन) शेजारीशेजारी बसवा. हार्लेसारखा एक रॉड दुसऱ्याच्या फाट्यात बसवायची हौस असेल तर ती पुढच्या इंजिनला ठेवा. शेजारीशेजारी बसवल्याने दोन सिलेंडर एकमेकांपासून बिग एंडच्या (रॉडच्या खालच्या टोकाच्या) रुंदीएवढे सरकतात, साधारण 25 ते 30 मिमी, आणि त्याने मागच्या सिलेंडरला वारा पण थोडा जास्त लागतो, तेवढाच फायदा.

पिन नवीन बनवावी लागणार, लांब. इएन 36 सारखं केस हार्डन होणारं (बाहेरून कडक होणारं) स्टील घ्या, टर्निंग, मग हार्डनिंग, मग ग्राइंडिंग, हाच क्रम. ग्राइंडिंगला अलाउन्स (जादा माल) ठेवायला टर्नरला लिहून द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. जुन्या बुलेटला बिग एंडमध्ये फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी धातूची नळी) असतो, इथे नीडल रोलर बेअरिंग टाका. फ्लायव्हील प्रेस करून झाली की क्रँक दोन सेंटरमध्ये धरून दोन्ही शाफ्टवर डायल गेज लावा, 0.05 मिमीच्या वर रनआऊट (फिरताना शाफ्टचं डुलणं) असेल तर तांब्याच्या हातोडीने ठोकून ट्रू करा, जमलं तर 0.02 पर्यंत आणा. हे काम कंटाळवाणं आहे, संध्याकाळ जाते, पण इथे घाई केली तर बेअरिंग खाणार म्हणजे खाणारच.

आता बॅलन्स. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि रॉडचा वरचा भाग हे सगळं वर-खाली होणारं वजन, रॉडचा खालचा भाग आणि पिन हे गोल फिरणारं. फिरणारं पूर्ण आणि वर-खाली होणारं एका सिलेंडरचं, एवढं काउंटरवेट पिनच्या विरुद्ध बाजूला द्या. 90 अंशाच्या व्हीमध्ये याने प्रायमरी (क्रँकच्या दर फेरीला एकदा होणारी) थरथर पूर्ण जाते. 60 मध्ये एका सिलेंडरच्या वजनाच्या निम्मी उरते, आणि गंमत म्हणजे 50 टक्के बॅलन्स केलेल्या साध्या सिंगल बुलेटमध्येही तेवढीच उरते. ताकद दुप्पट आणि हादरे तेवढेच, हा सौदा मला तरी फार आवडतो. 45 अंशाला मात्र निम्म्याऐवजी 70 टक्के उरते.

3. चेंबर

दोन रस्ते. एक म्हणजे 6061 किंवा 6082 अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून सीएनसीवर कोरून काढायचा, महाग पण बिनडोकेदुखीचा. दुसरा म्हणजे कास्टिंग, एलएम 25 (ओतकामाचं मिश्रण) ओतून टी 6 (मजबुतीसाठीची) हीट ट्रीटमेंट. कोल्हापूरकडचे असाल तर फाउंड्री शेजारीच आहेत, पण तिकडे बीडाचं (कास्ट आयर्नचं) काम जास्त, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम ओतणारा शोधा आणि एकच नग ओतायला तो तयार आहे का हे आधी विचारा. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) लाकडाचा, एमडीएफचा किंवा थ्रीडी प्रिंटचा चालतो, फक्त थंड होताना अ‍ॅल्युमिनियम साधारण 1.3 टक्के आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा, आणि जिथे मशीनिंग आहे तिथे वर 3 मिमी माल. भिंत 8 मिमीच्या खाली नेऊ नका.

मशीनिंगचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. आधी दोन अर्ध्यांचे जोडाचे फेस, मग डॉवेल पिना (दोन्ही अर्धे नेमक्या जागी धरणाऱ्या), मग दोन्ही बोल्टने आवळून मेन बेअरिंगची भोकं एकाच सेटिंगमध्ये बोअर करायची. वेगवेगळी बोअर करून नंतर जुळवू म्हणणारा वर्कशॉपवाला भेटला की नमस्कार करून निघायचं. त्याच बोअरला रेफरन्स धरून, रोटरी टेबलवर मध्यापासून 30 अंश इकडे आणि 30 तिकडे असे बोअर बसायचे दोन फेस मिलिंग करायचे. हे फेस क्रँकला समांतर नसले की पिस्टन एका बाजूने घासतो. बेअरिंग बसवताना चेंबर ओव्हनमध्ये 100 डिग्रीपर्यंत तापवा आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हाताने आत जातात, ठोकायला लागत नाही. (ओव्हन घरातला वापरणार असाल तर तेल नीट धुऊन काढा, नाहीतर पुढचे आठ दिवस जेवण बाहेर.)

4. कॅम, टायमिंग आणि हेडचं तोंड

बुलेटचे पुशरॉड उजवीकडे, एक्झॉस्ट पुढे, कार्ब (कार्बुरेटर) मागे. मागचं सिलेंडर उलटं फिरवून दोन्ही कार्ब मध्ये आणायचा मोह होतो, पण मग त्याचे पुशरॉड डावीकडे प्रायमरीत (क्लचच्या चेनच्या डब्यात) जातात आणि सगळी बोंब. सरळच ठेवा. पुढचा कार्ब आणि मागचा एक्झॉस्ट समोरासमोर येतात ते खरं, म्हणून पुढच्या कार्बला वाकडा मॅनिफोल्ड करून बाहेर काढा आणि मध्ये हीट शील्ड टाका.

कॅमसाठी सोपं लॉजिक, मूळचा कॅम आणि गिअरचा लेआऊट क्रँकच्या सेंटरभोवती 60 अंश फिरवून दुसऱ्यांदा मांडायचा, दोन्ही सेट एकाच क्रँक पिनियनवर (क्रँकवरच्या छोट्या गिअरवर). पुढचा इनटेक कॅम आणि मागचा एक्झॉस्ट कॅम जवळ येतात, कागदावर ते आधीच तपासलेलं असू द्या. ऑफसेटमुळे (सिलेंडर बाजूला सरकल्यामुळे) एका बाजूचे पुशरॉड थोडे तिरके गेले तरी चालतील, टनेलला (ते ज्यातून जातात त्या नळीला) घासता कामा नयेत.

क्रँक पुढच्या दिशेने फिरतो, म्हणून पिन आधी मागच्या सिलेंडरसमोर येते, 60 अंशानंतर पुढच्या. पुढचं सिलेंडर फायरिंगच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) मूळ खुणांप्रमाणे लावा, मग क्रँक सरळ दिशेने 300 अंश फिरवा आणि तिथे मागच्याचे कॅम लावा. म्हणजे फायरिंग 300 आणि 420 अंशांनी येतं. डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) लावूनच करा, डोळ्याने नाही.

5. तेल, हवा, करंट

बुलेटचे मूळ प्लंजर पंप एका बिग एंडसाठी आहेत, मोठे बनवा, आणि रिटर्नचा पंप फीडपेक्षा मोठा ठेवा नाहीतर चेंबर तेलाने भरेल. ब्रीदर (चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी वाट) पण मोठा लागतो, कारण दोन्ही पिस्टन जवळजवळ एकाच वेळी खाली येतात आणि चेंबरमधली हवा जोरात ढकलतात, रीड वॉल्व (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर तेल प्रत्येक पॅकिंगमधून बाहेर येईल. इग्निशनला दोन सीडीआय (ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक युनिट), दोन कॉइल आणि क्रँकवर 60 अंश अंतराने दोन पिकअप (सेन्सर). दर फेरीला ठिणगी पडते, त्यातली एक एक्झॉस्ट स्ट्रोकला वाया जाते, जाऊ द्या.

गिअरबॉक्स वेगळाच असतो तो तसाच वापरा, फक्त क्लचला एक-दोन प्लेटा वाढवा आणि इंजिन स्प्रॉकेट मोठं करा, बॉक्सवर टॉर्क कमी पडतो.

6. पहिला आवाज

पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावून हेड आवळा, क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा, उघडून क्लेची जाडी मोजा. दीड मिमीपेक्षा कमी असेल तर वॉल्व पिस्टनला भेटायच्या तयारीत आहे. मग प्लग काढून ड्रिल मशीनने क्रँक फिरवा, रॉकरपर्यंत तेल आलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत.

स्टँड जमिनीला बोल्ट केलेला, किल स्विच हाताशी, फायर एक्स्टिंग्विशर जवळ, पेट्रोलची बाटली छोटी आणि लांब, समोर मोठा पंखा कारण एअर कूल्ड आहे आणि उभं असताना वारा नसतो. चालू झालं की लगेच रेस करू नका, दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, हेडचे नट परत आवळा, टॅपेट परत सेट करा. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की तेल काढून पांढऱ्या कपड्यातून गाळा. करडी बारीक पूड आली तर ठीक, रिंगा बसतायत. चमकणारे तुकडे दिसले तर परत चालू करू नका, पायरी दोनकडे जा आणि क्रँक उघडा.